जुने मराठी फ्लॅश खेळ पुन्हा ब्राउझरमध्ये: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

कामाची व्याप्ती ठरली. फ्लॅश म्हणजे ब्राउझरला जोडून चालणारा प्लेयर आणि त्यावरचे खेळ बनवण्याचं साधन; तो प्लेयर २०२० अखेर बंद झाला, म्हणून हे काम. २००२ ते २०१० या काळात सीडीसाठी आणि नंतर संकेतस्थळासाठी बनलेले मराठी शैक्षणिक खेळ: अक्षरओळख, जोडाक्षरं, पाढे, नकाशा वगैरे. मूळ निर्मात्यांची लेखी परवानगी फोल्डरमध्ये आहे. खेळ आजच्या ब्राउझरमध्ये प्लगइनशिवाय चालले पाहिजेत, आणि मोबाइलवरही.

हातात १४ फाइली: ११ एसडब्ल्यूएफ (फ्लॅशच्या खेळाची फाइल), २ ईएक्सई (विंडोजचे प्रोग्राम), १ डीसीआर. एक्स्टेंशनवर विसंबायचं नाही. प्रत्येक फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे कच्चे बाइट दाखवणाऱ्या साधनात, उघडून पहिले तीन बाइट बघायचे. ४६ ५७ ५३, म्हणजे एफडब्ल्यूएस, असेल तर फाइल न दाबलेली, म्हणजे आकार कमी न केलेली. सीडब्ल्यूएस म्हणजे झेडलिब पद्धतीने दाबलेली. ही सोय फ्लॅश ६ पासून आली. झेडडब्ल्यूएस म्हणजे एलझेडएमए, फार उशिरा आलेला प्रकार. या संचात एकही नाही. चौथा बाइट आवृत्तीचा, पाचवा ते आठवा उलगडलेल्या फाइलीच्या लांबीचे, कमी किमतीचा बाइट आधी. फाइल दाबलेली असली तरी हे पहिले आठ बाइट उघडेच असतात, त्यामुळे एवढी छाननी काहीही न उलगडता होते.

दोन्ही ईएक्सई हे फ्लॅशचे प्रोजेक्टर निघाले. सीडीवर खेळ देताना समोरच्याकडे प्लेयर असेलच असं नव्हतं, म्हणून प्लेयर आणि खेळ एकाच फाइलीत शिवून द्यायचे. वेगळं करणं सोपं आहे. फाइलीचे शेवटचे आठ बाइट बघा: ५६ ३४ १२ एफए ही खूण, आणि तिच्यापुढे एसडब्ल्यूएफची लांबी चार बाइटांत. त्या आठ बाइटांच्या आधी तेवढी लांबी मागे मोजली की खेळ सुरू होतो तिथे एफडब्ल्यूएस किंवा सीडब्ल्यूएस दिसतं. कापून वेगळ्या नावाने ठेवलं. एसडब्ल्यूएफ आता १३.

डीसीआर फाइल शॉकवेव्हची, म्हणजे डायरेक्टर या वेगळ्या साधनात बनवलेली. मॅक्रोमीडियाने १९९५ मध्ये आणलेलं हे घराणंच वेगळं. नावात कधीकधी शॉकवेव्ह फ्लॅश असं एकत्र येतं म्हणून गोंधळ होतो. शॉकवेव्हचा प्लेयर, पुढे मॅक्रोमीडिया विकत घेणाऱ्या अडोबीने ९ एप्रिल २०१९ ला बंद केला. फ्लॅशची कोणतीही साधनं इथे उपयोगाची नाहीत. ही फाइल बाजूला.

सगळ्या मूळ फाइलींचा एसएचए-२५६ (फाइल बदलली तर लगेच कळवणारा ठसा) काढून यादीत लिहिला. मूळ फोल्डर फक्त वाचण्यापुरतं खुलं.

९ जानेवारी

फाइलीचं शीर्ष उलगडून मंचाचा (खेळ दिसतो त्या चौकटीचा) आकार आणि गती नोंदवली. आकार ट्विपमध्ये असतो, १ पिक्सेल म्हणजे २० ट्विप. ५५० बाय ४०० हा फ्लॅशचा ठरलेला मंच होता, तो ११००० बाय ८००० ट्विप होतो आणि शीर्षात ७८ ०० ०५ ५एफ ०० ०० ०एफ ए० ०० असे नऊ बाइट दिसतात. यात पहिले पाच बिट सांगतात की पुढची प्रत्येक संख्या किती बिटांची आहे, इथे १५. म्हणजे मंचाचा आकार बदलला की या भागाची लांबीही बदलू शकते, आणि पुढचं सगळं सरकतं. ठरावीक जागेवरून गती वाचणारी स्क्रिप्ट लिहिली तर ती ५५० बाय ४०० वर बरोबर चालेल आणि बऱ्याच लहान किंवा खूप मोठ्या मंचावर भलतंच सांगेल.

त्यानंतरचे दोन बाइट गतीचे: आधी अपूर्णांक, मग पूर्णांक. ०० ०सी म्हणजे सेकंदाला १२ फ्रेम. संचातल्या बहुतेक खेळांची गती हीच, कारण फ्लॅशच्या जुन्या आवृत्त्यांत नवीन फाइल उघडली की १२ आधीच भरलेलं असायचं आणि कुणी त्याला हात लावत नसे. हा आकडा पुढे फार कामाचा आहे.

ॲक्शनस्क्रिप्टची, म्हणजे फ्लॅशच्या कोड-भाषेची, पिढी कोणती तेही बघितलं. फाइल टॅग नावाच्या क्रमांकित तुकड्यांची असते; कोड टॅग १२ किंवा ५९ मध्ये असेल तर पहिली-दुसरी पिढी, टॅग ८२ मध्ये असेल तर तिसरी. तिसरी २००६ साली फ्लॅश प्लेयर ९ बरोबर आली, वेगळ्या आभासी यंत्रासह. हिशेब: ९ खेळ जुन्या पिढीचे, ४ तिसऱ्या पिढीचे.

१४ जानेवारी

यात पुन्हा करायचं तरी काय, ते नीट मांडून ठेवलं, म्हणजे कामाचे तुकडे पडतील.

फ्लॅशचं मूळ फ्युचरस्प्लॅश ॲनिमेटर. जोनाथन गे यांच्या फ्युचरवेव्ह कंपनीचं ते उत्पादन मॅक्रोमीडियाने १९९६ च्या अखेरीस घेतलं आणि त्याचं नाव फ्लॅश झालं. त्या काळच्या ब्राउझरला स्वतःहून चित्र नीट हलवता येत नव्हतं, आवाज धड वाजवता येत नव्हता. नेटस्केप नॅव्हिगेटर २ ने प्लगइनसाठी एनपीएपीआय नावाचं दार उघडलं होतं, त्यातून प्लेयर आत आला. रेखाचित्र, कालपट्टी, आवाज, फॉन्ट, बटणं, साठवण, पुढे सर्व्हरशी थेट बोलणं, हे सगळं त्याने एका गठ्ठ्यात दिलं. खेळ बनवणाऱ्याला ब्राउझर कोणता हे विचारावंच लागत नव्हतं.

ब्राउझरने हीच कामं एकेक करून शिकली, आणि प्रत्येकाचा काळ वेगळा. कॅनव्हास, म्हणजे पानावर कोडने चित्र काढायची चौकट, ॲपलने २००४ मध्ये मॅकच्या डॅशबोर्डच्या विजेटसाठी काढला, फायरफॉक्स १.५ ने २००५ मध्ये उचलला, आणि इंटरनेट एक्सप्लोररला तो यायला २०११ उजाडलं. वेबजीएल १.० (चित्र-चिपवर रेखाटन) मार्च २०११. वेबसॉकेटचं (सर्व्हरशी सतत उघडी जोडणी) मानक डिसेंबर २०११. वेबअसेम्ब्ली (इतर भाषांतला कोड ब्राउझरमध्ये वेगाने चालवणारं रूप) ब्राउझरांत २०१७. मधली काही वर्षं अशी होती की प्लगइन नको झालं होतं आणि बदली पुरी तयार नव्हती. आयफोनने फ्लॅश कधीच घेतला नाही, मोबाइलवरच्या फ्लॅशचं काम अडोबीने नोव्हेंबर २०११ मध्ये थांबवलं, क्रोमने एनपीएपीआय सप्टेंबर २०१५ मध्ये काढून टाकलं, जुलै २०१७ मध्ये अडोबीने शेवटची तारीख जाहीर केली. ३१ डिसेंबर २०२० ला पाठिंबा संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून खुद्द प्लेयरच खेळ चालवायला नकार देऊ लागला. फेसबुकवरचा फ्लॅश खेळ फार्मव्हिल त्याच ३१ डिसेंबरला बंद झाला.

जुना प्लेयर कुठून तरी उतरवून वापरा, असा सल्ला अजूनही मिळतो. या प्रकल्पात तो मार्ग बंद आहे. तो प्लेयर ब्राउझरच्या बाहेर, वापरणाऱ्याच्या पूर्ण अधिकाराने चालणारा कोड आहे आणि त्याच्या फटी आता कुणी बुजवत नाही. शाळेच्या संगणकावर तर नकोच.

ठरलं असं: सगळे १३ खेळ रफलवर, म्हणजे फ्लॅश चालवणाऱ्या नव्या प्लेयरवर, चालवून बघायचे. त्यातले सर्वांत वापरात असलेले दोन, अक्षरं झेलण्याचा आणि जोडाक्षरांचा, कॅनव्हासवर नव्याने लिहायचे, कारण त्यांचा जीव मजकुरात आहे आणि ते मोबाइलवर खेळले जाणार आहेत.

१७ जानेवारी

रफल म्हणजे रस्ट या भाषेत लिहिलेला फ्लॅश प्लेयर, वेबअसेम्ब्लीत रूपांतरित केलेला. तो पानाच्या आतच, ब्राउझरच्या कुंपणात चालतो. इंटरनेट आर्काइव्ह नोव्हेंबर २०२० पासून फ्लॅशचे खेळ यावरच दाखवतं.

बसवताना अडणाऱ्या जागा:

पान डबल-क्लिक करून उघडलं तर काहीच दिसत नाही. फाइल थेट डिस्कवरून उघडली की ब्राउझर शेजारची वॅझम (वेबअसेम्ब्लीची) फाइल वाचू देत नाही. स्थानिक सर्व्हर लागतोच. पायथॉनमधला छोटा एचटीटीपी सर्व्हर पुरेसा आहे.

सर्व्हरवर चढवल्यावर वॅझमचा प्रकार चुकीचा जातो. जुन्या शेअर्ड होस्टिंगला हे एक्स्टेंशन माहीत नसतं, ते साधा बायनरी म्हणून पाठवतात. ॲप्लिकेशन-स्लॅश-वॅझम असा प्रकार सर्व्हरच्या मांडणीत लिहावा लागतो. तो नसेल तर फाइल उतरत असतानाच संकलन करण्याची सोय बंद पडते आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये तक्रार येते. त्याच वेळी दाबून पाठवण्याची सोयही सुरू करून घ्यावी, वॅझम चांगली दाबली जाते.

तिसरी अडचण पत्त्यांची. जुन्या खेळांत गुण पाठवण्याचा पत्ता एचटीटीपीने सुरू होणारा, कोडमध्ये कोरलेला. आजचं पान एचटीटीपीएसवर, त्यामुळे ब्राउझर ती विनंती अडवतो. रफलच्या सेटिंगमध्ये पत्ते एचटीटीपीएसवर चढवण्याची आणि पत्ते बदलून देण्याची सोय आहे. दुसरी वापरली, जुना पत्ता नव्या छोट्या स्क्रिप्टकडे वळवला.

जुन्या पिढीचे नऊही खेळ चालले. तिसऱ्या पिढीच्या चारांपैकी एक लोडिंगच्या पट्टीवरच अडकला, पण दोष रफलचा नाही. हा खेळ २०१० च्या फ्लॅश सीएस५ मध्ये, टीएलएफ प्रकारचा मजकूर वापरून बनवला होता. त्या मजकुराची लायब्ररी वेगळ्या एसडब्ल्यूझेड फाइलीत असते आणि खेळ सुरू होताना मागवली जाते. जपताना कुणीतरी फक्त एसडब्ल्यूएफ उचलली, शेजारची फाइल राहिली. सीडीची मूळ प्रत मागवली आहे. इतरांनी असं काम काढलं तर आधीच सांगून ठेवावं: एकेक फाइल नको, अख्खं फोल्डर द्या.

२३ जानेवारी

अक्षरं झेलण्याच्या खेळाचा कोड जेपीईएक्स डीकंपायलरमधून (तयार फाइलीतून कोड परत काढणाऱ्या साधनातून) काढला. वरून अक्षरं पडतात, खाली टोपली, सांगितलेलंच अक्षर झेलायचं. एसडब्ल्यूएफ आवृत्ती ६.

आवृत्ती ६ आणि ७ मधला फरक लक्षात न घेता हा कोड जावास्क्रिप्टमध्ये उतरवला तर दोन ठिकाणी मार बसतो. आवृत्ती ६ पर्यंत चलांच्या (व्हेरिएबलच्या) नावात लहान-मोठ्या लिपीचा भेद नव्हता. मूळ कोडमध्ये एकच चल तीन तऱ्हेने लिहिलेलं आहे आणि तिथे ते बिनतक्रार चालत होतं. जावास्क्रिप्टमध्ये ती तीन वेगळी चलं होतात. दुसरं, किंमत न दिलेलं चल आवृत्ती ६ पर्यंत बेरजेत शून्य धरलं जायचं. ७ पासून, आणि जावास्क्रिप्टमध्येही, अशी बेरीज 'संख्या नाही' असा निकाल देते, आणि एकदा तो निकाल आला की पुढची प्रत्येक बेरीज तशीच. गुण आणि उरलेले जीव ही दोन्ही चलं मूळ कोडमध्ये कुठेच सुरू केलेली नाहीत. उतरवण्याआधी सगळ्या चलांची यादी करून नावं एकसारखी केली आणि प्रत्येकाला सुरुवातीची किंमत दिली.

टोपलीचा स्पर्श जुन्या हिटटेस्टने बघितला जात होता, म्हणजे दोन्ही आकृत्यांच्या चौकटी एकमेकींत शिरल्या की झेललं. टोपलीच्या कडीमुळे चौकट वरपर्यंत जाते आणि अक्षर कडीच्या शेजारून गेलं तरी गुण मिळतो. आकारानुसार अचूक तपासणी करता आली असती. मुद्दाम केली नाही. सहा वर्षांच्या मुलांसाठी हा ढिलेपणाच बरा.

चित्रं एसव्हीजी म्हणून बाहेर काढली. फ्लॅशच्या वक्ररेषा सगळ्या द्विघाती, कॅनव्हासच्या द्विघाती वक्राशी थेट जुळतात. फिरवण्याचा कोन मात्र फ्लॅशमध्ये अंशात आणि कॅनव्हासमध्ये रेडियनमध्ये. दिशा दोन्हीकडे घड्याळाच्या काट्यांची.

२८ जानेवारी

गती. मूळ खेळात अक्षर दर फ्रेमला ८ पिक्सेल खाली येतं. १२ फ्रेमला ते सेकंदाला ९६ पिक्सेल होतात. हाच कोड रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेममध्ये, म्हणजे पडदा दरवेळी नव्याने रंगताना ब्राउझर चालवतो त्या कोडात, तसाच टाकला तर ६० हर्ट्झच्या पडद्यावर ४८० पिक्सेल, १२० हर्ट्झच्या फोनवर ९६०. महागड्या फोनवर खेळ अवघड आणि स्वस्त फोनवर सोपा, असला विचित्र प्रकार होतो. जुने खेळ नव्याने लिहिणाऱ्यांच्या कामात ही चूक सर्रास सापडते, कारण लिहिणाऱ्याच्या टेबलावर ६० हर्ट्झचाच पडदा असतो आणि तो आकडे त्याला साजेसे करून मोकळा होतो.

केलेली मांडणी: नियमांचं घड्याळ वेगळं, चित्र काढण्याचं वेगळं. प्रत्येक फ्रेमला आधीच्या फ्रेमपासून गेलेला वेळ साठ्यात टाकायचा. साठ्यात ८३.३३ मिलिसेकंद जमले की नियमांची एक टिक चालवायची आणि तेवढा वेळ वजा करायचा. उरलेला वेळ भागिले ८३.३३ हे गुणोत्तर घेऊन मागच्या आणि चालू स्थितीच्या मधली जागा काढायची आणि तिथे अक्षर रंगवायचं. नियम मूळ खेळासारखेच सेकंदाला १२ वेळा चालतात, हालचाल मात्र पडद्याच्या गतीने गुळगुळीत दिसते. सरळ काळाने गुणायची पद्धत सोपी होती, पण मूळ खेळात दर विसाव्या फ्रेमला नवं अक्षर, पंचविसाव्याला वेगवाढ अशा सगळ्या गोष्टी फ्रेम मोजून बांधल्या आहेत. त्या सेकंदांत बदलत बसण्यापेक्षा घड्याळच जुनं ठेवणं शहाणपणाचं.

साठ्याला २५० मिलिसेकंदांची मर्यादा घातली. टॅब मागे गेला की रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम थांबतो. मूल दहा मिनिटांनी परत आलं तर साठ्यात ६०० सेकंद, म्हणजे ७२०० टिका एकदम चालतील आणि डोळ्यांदेखत सगळे जीव जातील. मर्यादेमुळे जास्तीत जास्त तीन टिका चालतात. शिवाय टॅब लपला की खेळ विरामात टाकला. टायमर वापरूनही सुटका नव्हती. मागच्या टॅबातले टायमर ब्राउझर २०११ पासून सेकंदाला एकदापर्यंत मंदावत आले आहेत.

३ फेब्रुवारी

फोनवर चित्र धूसर. कॅनव्हासचा आतला आकार आणि पानावरचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पानावर ५५० बाय ४०० ठेवून आतला आकार पडद्याच्या पिक्सेल-गुणोत्तराने गुणला आणि रेखाटनाला तेवढंच मापन लावलं. गुणोत्तर ३ असलेल्या फोनवर १६५० बाय १२००, म्हणजे १९ लाख ८० हजार पिक्सेल, प्रत्येकी चार बाइट धरून जवळपास ८० लाख बाइट, आणि ते दर फ्रेमला रंगवायचे. स्वस्त फोन तापतो. गुणोत्तर २ वर अडवलं. या जाड रेघांच्या चित्रांत फरक कळत नाही.

पार्श्वभूमी वेगळ्या कॅनव्हासवर एकदाच काढली. वर फक्त हलणाऱ्या वस्तू.

वेबजीएलची चर्चा झाली आणि तिथेच संपली. पडद्यावर एका वेळी बारा-पंधरा वस्तू असलेल्या खेळाला त्याची गरज नाही. टेक्स्चर, शेडर आणि फोनने मध्येच संदर्भ काढून घेतला तर तो पुन्हा उभा करण्याची व्यवस्था, एवढा पसारा कशाला? २०१४ सालचा '२०४८' हा आकड्यांचा खेळ तर कॅनव्हासशिवाय, नुसत्या एचटीएमएल आणि सीएसएसवर उभा होता. शेकडो कण उडणारा आतषबाजीचा खेळ या संचात असता तर गोष्ट वेगळी.

१० फेब्रुवारी

मजकूर. सगळ्यात जास्त वेळ इथेच जाणार हे धरून चाललो होतो.

फ्लॅश प्लेयरला देवनागरीची जुळणी करणारं नवं मजकूर-यंत्र २००८ मध्ये, आवृत्ती १० बरोबर मिळालं. त्याआधी खेळात फॉन्ट बसवला तरी प्लेयर एकेक चिन्ह ओळीने मांडायचा. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जायची आणि जोडाक्षरं हलंताने फुटायची. त्यामुळे त्या काळचे सगळे मराठी खेळ आठ-बिटी जुन्या फॉन्टांत आहेत, जिथे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. डीकंपायलरमधून मजकूर काढला की रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांची खिचडी मिळते. काही शीर्षकं तर तोडून निव्वळ आकृत्या केलेली आहेत. ती परत टाइप करण्यावाचून इलाज नाही.

संचात तीन वेगळे फॉन्ट सापडले, प्रत्येकाचा तक्ता वेगळा. रूपांतराचा क्रम असा ठेवला:

आधी लांब जुळण्या, मग लहान. काही फॉन्टांत ण, भ, ष, श ही अक्षरं अर्ध रूप अधिक उभा दंड अशी दोन तुकड्यांत असतात आणि तोच दंड काना म्हणूनही वापरलेला असतो. एकेका तुकड्याने बदल केला तर 'भाषण' शब्दाचा 'भ्ााष्ाण्ा' होतो. म्हणून अर्ध रूप अधिक दंड हे आधी पूर्ण अक्षरात बदलायचं, उरलेला दंड नंतर काना.

मग पहिली वेलांटी. जुन्या फॉन्टात ती दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती अख्ख्या जोडाक्षरानंतर येते. 'स्थिती' मध्ये वेलांटीला अर्धा स आणि थ या दोन्हींना ओलांडून जावं लागतं. नियम: वेलांटीनंतर जितक्या व्यंजन-हलंत जोड्या असतील तितक्या आणि त्यापुढचं एक व्यंजन ओलांडायचं.

मग रफार, उलट दिशेने. 'वर्षी' जुन्या फॉन्टात व, ष, दुसरी वेलांटी, रफार अशा क्रमाने असतो. रफार उचलून मात्रा आणि व्यंजनगट ओलांडून मागे न्यायचा आणि र-हलंत करून ठेवायचा. हे वेलांटीच्या आधी केलं तर दोन्ही असलेल्या शब्दांत घोळ होऊ शकतो.

इंटरनेटवर मिळणारे तयार तक्ते बहुतेक हिंदीसाठी आहेत आणि आपल्या अर्ध्या ऱ्ह, ऱ्य चा त्यांना पत्ता नसतो. 'दऱ्या' चं 'दर्या' करून ठेवतात, डोंगरातली गोष्ट समुद्रात. जुन्या फॉन्टात त्या अर्ध्या र साठी स्वतंत्र तुकडा आहे, म्हणून तक्त्यात त्याला ऱ अधिक हलंत असं नेमून दिलं. ळ आणि ॲ, ऑ यांच्या जागाही हाताने तपासल्या.

१२ फेब्रुवारी

रूपांतरित मजकूर कॅनव्हासवर लिहिला तर जुळणी ब्राउझर करतो, पूर्ण शब्द दिला तर. इंग्रजी खेळांत अक्षरांचा एक चित्र-तक्ता बनवून त्यातून एकेक अक्षर उचलतात. देवनागरीत तो प्रकार चालत नाही, जोडाक्षरांची संख्या आवरत नाही आणि शिरोरेखा सांध्यावर तुटते. अक्षरांतलं अंतर वाढवलं तरी शिरोरेखेत फटी पडतात.

जोडाक्षरांच्या खेळात शब्द अक्षराअक्षराने फोडून दाखवायचा आहे. जावास्क्रिप्टच्या साध्या फोडणीने 'क्षत्रिय' चे क, हलंत, ष असे तुकडे पडतात. ब्राउझरमधलाच इंटल-सेगमेंटर (शब्दाचे अक्षरांत तुकडे करणारा) वापरला, फायरफॉक्समध्ये तो एप्रिल २०२४ पासून आहे. त्यातही पेच आहे: देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली आला. त्याआधीचे ब्राउझर 'क्' आणि 'ष' वेगळे देतात. म्हणून फोडल्यावर एक पायरी वाढवली: तुकडा हलंतावर संपत असेल आणि पुढे व्यंजन असेल तर दोन्ही जोडायचे. नव्या ब्राउझरमध्ये ही पायरी काही करत नाही, जुन्यात काम भागवते.

सूचना आणि शब्द कॅनव्हासवर न रंगवता वर ठेवलेल्या एचटीएमएल थरात घेतले आणि भाषेचं चिन्ह मराठी दिलं. त्यामुळे ल आणि श ची मराठी रूपं फॉन्टात असतील तर तीच उमटतात, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनांनाही मजकूर मिळतो. पडणारी अक्षरं तेवढी कॅनव्हासवर, फॉन्ट उतरून झाल्याची खात्री करूनच. नाहीतर पहिली दोन-तीन अक्षरं वेगळ्याच फॉन्टात पडतात.

टाइप करण्याच्या फेरीत कीडाउनवर (कळ दाबल्याच्या घटनेवर) विसंबता येत नाही. अँड्रॉइडचे पडद्यावरचे कीबोर्ड जवळपास प्रत्येक कळीला २२९ हा एकच क्रमांक सांगतात. इनपुट घटना घेऊन पेटीतला मजकूर बघायचा.

१८ फेब्रुवारी

आवाज. एसडब्ल्यूएफमधले आवाज एमपी३ म्हणूनच साठवलेले, तसेच काढले, पुन्हा दाबले नाहीत.

खेळ उघडताच वाजणारं संगीत आता वाजत नाही. वापरणाऱ्याने काही केल्याशिवाय आवाज नको, हा नियम क्रोमने २०१८ च्या एप्रिलमध्ये, आवृत्ती ६६ ला आणला. तेव्हा वेबवरचे असंख्य जुने खेळ मुके झाले. खेळ बनवणाऱ्यांनी इतका आरडाओरडा केला की वेब ऑडिओपुरता नियम मे महिन्यात मागे घेऊन डिसेंबरमध्ये, आवृत्ती ७१ ला, परत लावला. तो रास्त आहे, पण त्यासाठी सुरुवातीला 'खेळूया' असं बटण ठेवावंच लागतं. ऑडिओचा संदर्भ त्या बटणावर जागा करायचा. बोटाच्या बाबतीत ब्राउझर परवानगी बोट उचलल्यावर देतो, टेकल्यावर नाही. पॉइंटरडाउनवर, म्हणजे बोट टेकताच किंवा माउसचं बटण दाबताच, जागा करू पाहणारा कोड संगणकावर चालतो आणि फोनवर मुका राहतो.

पार्श्वसंगीताच्या फेऱ्यांमध्ये उचकी ऐकू येते. एमपी३ च्या सुरुवातीला सांकेतन करताना शांततेचे नमुने भरले जातात, लेम या सांकेतकाच्या बाबतीत उलगडणाऱ्याचे धरून ११०५, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला २५ मिलिसेकंद. शेवटीही थोडी भर असते. फ्लॅश हे वगळण्यासाठीचा आकडा आवाजाबरोबरच ठेवायचा, म्हणून तिथे उचकी नव्हती. फेरीची सुरुवात आणि शेवट हाताने ठरवून दिले.

२० फेब्रुवारी

साठवण. जुने गुण शेअर्ड ऑब्जेक्टमध्ये (फ्लॅशच्या स्थानिक साठवणीत) असायचे, मर्यादा १०० केबी. आता ब्राउझरचं लोकल-स्टोरेज, मजकूर म्हणून. सफारी सात दिवस न वापरलेल्या स्थळाची अशी साठवण पुसते, त्यामुळे महत्त्वाचं काही तिथे ठेवायचं नाही. इथे फक्त गुण आहेत.

२५ फेब्रुवारी

दोघांच्या पाढ्यांच्या स्पर्धेत एक्सएमएल-सॉकेट आहे, सर्व्हरशी सतत जोडलेलं राहण्याची फ्लॅश ५ च्या काळातली सोय. साधा टीसीपी (दोन संगणकांमधली थेट जोडणी), प्रत्येक निरोपाच्या शेवटी एक शून्य बाइट, आणि त्याआधी ८४३ पोर्टवर धोरण-फाइलीची (कुणाला जोडू द्यायचं ते सांगणारी) विचारणा. ब्राउझर असा उघडा टीसीपी देत नाही. रफल सॉकेट वेबसॉकेटकडे वळवू देतो. मध्ये वेबसॉकेट ते टीसीपी असा दुभाषा सर्व्हर बसवला. शून्य बाइट तसाच पुढे जाऊ द्यायचा. दुभाष्याने तो मजकुराचा शेवट समजून गाळला तर पलीकडचा सर्व्हर कायम वाट बघत राहतो. निरोप बायनरी म्हणून पाठवले की हा धोका टळतो. धोरण-फाइलीची गरज संपली.

निरोप आखूड आणि क्वचित असल्याने टीसीपी पाकिटं क्रमानेच देतो याचा इथे त्रास नाही. २०१५ च्या अगार डॉट आयओसारखा, सेकंदाला अनेकदा स्थिती पाठवणारा खेळ असता तर एक पाकीट हरवल्यावर मागची सगळी ताटकळणं जाणवलं असतं.

३ मार्च

स्पर्श. टोपली आधी माउसमागे धावायची. पॉइंटर घटना वापरल्या, म्हणजे माउस आणि बोट एकाच कोडात. कॅनव्हासवर टच-ॲक्शन 'नको' केलं, नाहीतर टोपली ओढताना पान सरकतं आणि ब्राउझर मध्येच घटना रद्द करतो. बोट टोपलीवर ठेवलं की टोपली बोटाखाली झाकली जाते. टोपली बोटाच्या ६० पिक्सेल वर काढली. माउसवर बटण हलकेच उजळायचं ते फोनवर होत नाही, म्हणून निवडलेल्या पर्यायाला वेगळी चौकट.

रफलवरच्या खेळांत हे सगळं करता येत नाही. तिथे ज्या खेळांत कळा लागतात त्यांच्याखाली पडद्यावरच्या चार बाणांची पट्टी दिली. उजव्या क्लिकवर किंवा माउस नुसता फिरवण्यावर बेतलेले दोन खेळ फोनवर 'संगणकावर उघडा' अशी सूचना देतात.

७ मार्च

सीडीची प्रत आली, एसडब्ल्यूझेड फाइल तिच्यात आहे. शेजारी ठेवल्यावर अडकलेला खेळ लोडिंगच्या पुढे सरकला. रफलमधलं तिसऱ्या पिढीचं काम पहिल्या-दुसऱ्या इतकं पूर्ण नाही, त्यामुळे प्रत्येक पडदा मूळ छायाचित्राशी ताडून बघायचा आहे.

चढवताना फाइलींच्या नावात आवृत्ती घातली आणि ब्राउझरमधल्या साठवणीची मुदत वर्षाची दिली. पान स्वतः मात्र ब्राउझरने दरवेळी नव्याने तपासायचं. असं नाही केलं तर नवं जावास्क्रिप्ट आणि जुनी वॅझम एकत्र येतात आणि खेळ सुरूच होत नाही.

उरलेलं: डीसीआरमधली चित्रं आणि आवाज वेगळे काढणं, तीन फॉन्टांपैकी तिसऱ्याच्या तक्त्यात द्य, द्ध, ह्म, ह्य तपासणं, मूळ एसडब्ल्यूएफ, एसएचए-२५६ यादी आणि फॉन्ट-तक्ते एकत्र बांधून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवणं.